पानकालरावांचा हातगुण

बांधकाम कंपनीत नोकरी लागली की माणूस हळूहळू वर चढत जातो, असं लोकांना उगाच वाटतं. पानकालराव रोजच चढत. सकाळी कठडा नसलेल्या जिन्याने वरच्या मजल्यापर्यंत जात, संध्याकाळी गुडघ्यांवर हात टेकत खाली येत, आणि खाली आल्यावर सकाळी होते तेच असत, म्हणजे साइट सुपरवायझर. त्यांच्याबरोबर नोकरीला लागलेले सगळे एव्हाना हैदराबादच्या मुख्य कार्यालयात काचेच्या केबिनीत बसून दुसऱ्यांवर ओरडायला लागले होते. पानकालराव मात्र कधी नेल्लूरला दुकानांची इमारत, कधी काकिनाड्याला हॉस्पिटल, कधी अनंतपूरला मॉल, असे गावोगाव पत्र्याच्या खोलीत राहून आपला भात आपणच शिजवत होते. घर हैदराबादेत, नल्लकुंट्याला. बायको रत्नमाणिक्यम तिथे एकटी. महिन्याकाठी हे यायचे, गळका नळ दुरुस्त करायचे, दोन दिवस घरचं जेवायचे आणि पुन्हा बसस्टँड गाठायचे. याला ते संसार म्हणत.

कामात काही खोट होती म्हणावं, तर तसंही नाही. खोट असती तर सुटले असते बिचारे. त्यांचा हात चांगला होता, तेच नडलं.

त्याचं असं झालं. नेल्लूरच्या इमारतीचा पहिला स्लॅब होता. मुहूर्तावर पहिलं घमेलं कंपनीचे मालक पेद्दिराजूगारूंनी ('गारू' म्हणजे तिकडचं 'साहेब') टाकायचं, असा शिरस्ता. पण राजूगारूंची गाडी रेल्वेच्या फाटकात अडकली. पुरोहित घड्याळ बघून हातपाय आपटायला लागले. मुहूर्त टळतोय म्हटल्यावर कुणीतरी जवळ उभ्या असलेल्या पानकालरावांच्या हातात घमेलं दिलं, त्यांनी नारळाच्या पाण्यात हात बुडवून ते ओतलं, आणि त्यांच्या करिअरवर तिथेच काँक्रीट पडलं. कारण ती इमारत पुरी व्हायच्या आत सगळी दुकानं भाड्याने गेली. त्या वर्षीच्या चक्रीवादळात शेजारच्या इमारतीचे पत्रे समुद्राकडे उडाले, पण इथे भिंतीला ओल आली नाही. राजूगारू म्हणाले, "हाताला यश आहे हो या माणसाच्या!" मालक म्हणाले म्हणजे ठरलंच.

तेव्हापासून कंपनीच्या प्रत्येक स्लॅबचं पहिलं घमेलं पानकालरावांचं. मोठाले पंप आले, काँक्रीट नळीतून वर जायला लागलं, तरी पंप सुरू करायच्या आधी हळदकुंकू लावलेलं एक घमेलं लागायचंच आणि ते यांच्याच हातून. काम संपलं की त्यांना शाल मिळायची. बढतीचा विषय निघाला की राजूगारू त्यांच्या पाठीवर हात ठेवून म्हणायचे, "अहो, तुम्ही इथे येऊन खुर्चीत बसलात तर तिकडे स्लॅबला हात कोण लावणार?" आणि आणखी एक शाल. रत्नमाणिक्यम त्या शाली कपाटात रचून ठेवायची. हैदराबादेत शाल पांघरण्याइतकी थंडी कितीशी पडते? पण कपाटाचं दार मात्र त्यांच्यामुळे लागेनासं झालं होतं.

पानकालराव मनातल्या मनात एकच म्हणत. आपल्या शिरीषाचं घर बांधायला निघालं, की त्याचं पहिलं घमेलं आपण टाकायचं. हा हात लोकांसाठी इतका राबला, तर पोरीच्या घरालाही लागू दे. मग झालं.

अशात कंपनीत एच.आर. नावाचा नवा विभाग उघडला. त्याच्या प्रमुख प्रत्यूषा मॅडम वयाने शिरीषाएवढ्याच. त्यांनी येताच फर्मान काढलं, की प्रत्येकाच्या प्रगतीची योजना हवी आणि प्रत्येकाची मुलाखत हवी. पानकालराव इस्त्रीचा शर्ट घालून गेले. शर्टाला कितीही इस्त्री केली तरी सिमेंट कॉलरमधून निघत नाही, ही गोष्ट वेगळी.

"पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे बघता, पानकालरावगारू?"

"घरी, मॅडम."

"म्हणजे निवृत्त?"

"नाही हो. संध्याकाळी घरी. सकाळी डबा घेऊन ऑफिसला, संध्याकाळी बायकोच्या हातची कॉफी. एवढंच बघतो."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. पोर मनाने चांगली होती. म्हणाली, "इतकी वर्षं एकाच पदावर? हा अन्याय आहे. मुख्य कार्यालयात गुणवत्ता विभागात जागा आहे. मी शिफारस करते." पानकालराव बाहेर आले ते हवेत. बायकोला फोन करून म्हणाले, "माझी ती जुनी स्टीलची कॉफीची वाटी घासून ठेव."

शिफारस राजूगारूंपर्यंत गेली आणि तिथून परत आली. मॅडमनी त्यांना बोलावून खाली मान घालून सांगितलं, "सॉरी सर. साइटवरून हलवता येत नाही अशा गोष्टींच्या यादीत तुमचं नाव आहे. चेअरमननी स्वतः घातलंय."

"त्या यादीत आणखी कोण आहे?"

"टॉवर क्रेन."

क्रेन निदान काम संपल्यावर सुटी करून दुसरीकडे नेतात, असं पानकालरावांच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण ती मुलगी रडवेली झालेली बघून त्यांनी पाण्याचा ग्लास तिच्यापुढे सरकवला.

नल्लकुंट्याच्या त्यांच्या बिल्डिंगमध्ये कुणाचंही दुःख जिन्यातून वर जाईपर्यंत सगळ्यांचं होतं. खालच्या मजल्यावरच्या वकीलबाई म्हणाल्या, कोर्टात जा. वरचे मास्तर म्हणाले, सत्यनारायण घाला. समोरचे सूर्यप्रकाशम मात्र पायरीवर ठाण मांडून बसले. वीज मंडळातून निवृत्त झालेले गृहस्थ. कुणाचा दिवा कसा घालवायचा, यातलं त्यांना जास्त कळत असे.

"पानकालराव, तुम्ही उलटं बघताय. बढती मागू नका, हातगुण घालवा!"

"घालवू म्हणजे? तो काय डास आहे?"

"माझा मेव्हणा लग्नात सांबार करायचा. सगळ्या नातेवाइकांकडे त्यालाच बोलावणं. एका लग्नात मुद्दाम मीठ दुप्पट घातलं. आता लग्नात पहिल्या पंगतीला बसून जेवतो. काहीतरी छोटंसं बिघडू द्या, आपोआप सुटाल."

रत्नमाणिक्यम आतून म्हणाली, "असलं काही करू नका हं. हातगुण आपला नसतो, दिलेला असतो." पण ती मे महिन्याची गडबड होती. स्वयंपाकघरात कैऱ्यांच्या फोडी, मोहरीची पूड आणि लाल तिखट यांचा संसार मांडलेला. वर्षाच्या आवकाया लोणच्याच्या बरणीजवळ ती कुणाला फिरकू देत नसे. पानकालराव पाणी प्यायला आत शिरले तर ओरडली, "लांब! ते साइटवरचे हात घेऊन इकडे येऊ नका, वर्षाचं लोणचं नासेल." ते तहानलेलेच बाहेर आले आणि सूर्यप्रकाशमना म्हणाले, "बोला, काय करायचं?"

आधी त्यांनी साधे उपाय केले. विजयवाड्याला सोन्याच्या पेढीची चार मजली इमारत चालू होती. तिथल्या स्लॅबला त्यांनी राहुकाळ सुरू होईपर्यंत पुरोहितांना बोलण्यात गुंतवलं. स्लॅब आरशासारखा झाला. पुढच्या वेळी काळा शर्ट घातला. त्याच दिवशी पेढीच्या मालकाने आणखी एक मजला चढवायचं ठरवलं. शेवटी जिवावर उदार होऊन त्यांनी पहिलं घमेलं चक्क डाव्या हाताने टाकलं. मजूर एकमेकांकडे बघायला लागले. दोन दिवसांत पेढीच्या मालकाच्या सुनेला, डॉक्टरांनी आशा सोडली होती तिला, दिवस गेल्याचं कळलं. राजूगारूंचा फोन आला, "अहो, तुमच्या डाव्या हातालाही गुण आहे, हे आधी का नाही सांगितलंत?" शाल आली, जरीची.

तेव्हा मग पानकालरावांनी तळघरातला पाण्याचा वाल्व उघडायचं ठरवलं.

त्यांच्या बाजूने एक सांगायला हवं. इमारतीच्या ताकदीशी खेळायचा विचार त्यांच्या मनाला शिवलासुद्धा नाही. त्यांना हवं होतं फक्त थोडं पाणी. तळघरात आगीसाठी टाकलेल्या पाण्याच्या पाइपचा एक सांधा सैल होता, त्यांनीच तो उद्घाटनाच्या दुसऱ्या दिवशी बदलून घ्यायला सांगितलं होतं. उद्घाटनाच्या सकाळी मुख्य वाल्व थोडा फिरवायचा, तळघरात घोट्याएवढं पाणी साचेल, पाहुण्यांच्या चपला भिजतील, लोक म्हणतील, "अरेरे, उद्घाटनालाच गळती!" आणि हातगुण संपला. कुणाचं नुकसान नाही.

पण वर हॉलमध्ये फुलांची सजावट करणाऱ्यांनी छताला माळा बांधताना आगीच्या त्याच पाइपचा एक फवारा मध्ये येतो म्हणून तो काढून खिशात टाकला होता, हे पानकालरावांना ठाऊक नव्हतं. आणि त्या फवाऱ्याच्या बरोबर खाली होम मांडलेला होता.

त्यांनी खाली वाल्व फिरवला. वर पुरोहितांनी "स्वाहा" म्हटलं. आणि छतातून हत्तीच्या सोंडेएवढी धार होमकुंडात पडली.

अग्नी विझला हो! पूर्णाहुतीच्या आधी. पुरोहित राखेने माखून उभे. शेजारच्या शेगडीवर नव्या वास्तूसाठी दूध उतू जाईपर्यंत तापवायचं होतं, तीही विझली, आणि पातेल्यात दुधापेक्षा पाणी जास्त झालं. पेढीच्या मालकाची आई मटकन खाली बसली. "होमात पाणी पडलं, होमात पाणी!" एवढंच म्हणत राहिली. पानकालराव धावत वर आले तेव्हा सगळीकडे धूर होता. सजावटवाला खिशातला फवारा काढून सगळ्यांना दाखवत होता, पण त्याच्याकडे कुणी बघतसुद्धा नव्हतं. वाल्व कुणी उघडला, हेही कुणी विचारलं नाही. सगळ्यांनी एकच विचारलं. या इमारतीचं पहिलं घमेलं कुणी टाकलं होतं?

"डाव्या हाताने टाकलं होतं," मागून एक मजूर म्हणाला.

पुढे व्हायचं ते झालं. हातगुण यायला वीस वर्षं लागली होती, जायला दुपारही लागली नाही. त्या आठवड्यात तिरुपतीची क्रेन बंद पडली, एक मोठं काम दुसऱ्या कंपनीला गेलं, राजूगारूंची दाढ काढावी लागली. हे सगळं पानकालरावांच्या खात्यावर जमा झालं. कॅन्टीनमध्ये कुणीतरी म्हणालं, "पांढऱ्या पायाचा माणूस." हाताचं पायावर कधी आलं, ते कुणाला कळलंही नाही.

राजूगारूंनी बोलावलं आणि दारातच उभं ठेवून, गालाला रुमाल लावून म्हणाले, "पानकालराव, फार राबलात. आता साइट नको. हेड ऑफिसात या." प्रत्यूषा मॅडमनी आनंदाने हस्तांदोलन केलं. "बघा सर, तुमची प्रगती योजना मंजूर झाली!" पद मिळालं सल्लागाराचं. केबिन मिळाली, पण काचेची नव्हे. जुन्या टाइल्सच्या गोदामाला लागून. टेंडर उघडायच्या दिवशी शिपाई हळूच सांगायचा, "सार, आज मागच्या दाराने आलात तर बरं." कधी म्हणायचा, "आज आलाच नाहीत तरी चालेल." सकाळच्या वेळी त्यांच्या हातात कुणी फाइल देत नसे, टेबलाच्या कडेला ठेवून जात.

पण पानकालरावांना काही वाटलं नाही, खरंच नाही. संध्याकाळी ते घरी येत. स्टीलच्या वाटीत कॉफी मिळे. रत्नमाणिक्यम त्यांना शेजारणींच्या गोष्टी सांगे, ते ऐकता ऐकता डुलकी घेत, ती रागावे. दोघं देवळापर्यंत चालत जात. एकदा तिने विचारलं, "बिघडवलंत ना मुद्दाम काहीतरी?" त्यांनी होकारार्थी मान हलवली. ती म्हणाली, "मला ठाऊक होतं," आणि पुढे चालत राहिली. ते महिने त्यांच्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे.

आणि मग शिरीषाच्या घराचं ठरलं. जावई किरीटी याने हैदराबादजवळ कोमपल्लीला जागा घेतली होती. वैशाखातला मुहूर्त निघाला. पानकालरावांनी बाजारात जाऊन नवं कोरं घमेलं आणलं. वाजवून घेतलं, हो, दुकानदार वैतागेपर्यंत. घरी आणून धुतलं, पुसलं, रत्नमाणिक्यमने त्याला हळदकुंकू लावलं. बिल्डिंगमधल्या लोकांना त्यांनी ते दाखवलं. वकीलबाईंनी नुसतं "हं" केलं. तेव्हाच समजायला हवं होतं.

शिरीषा एकटीच आली, नवऱ्याला न घेता. पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "नान्ना, भूमिपूजनाला सासूबाईंचे भाऊ बसणार आहेत."

"बसू देत की. पूजा त्यांनी करावी. घमेलं मी टाकतो."

"तेही तेच टाकतील. तुमचे गुडघे दुखतात. ऊन असेल."

"गुडघ्यांनी टाकतात का घमेलं?"

ती रडायला लागली. मग सगळं बाहेर आलं. सासूबाईंचा एक नातेवाईक कंपनीला टाइल्स पुरवायचा. होमाची गोष्ट त्याने घरी नेली होती, क्रेनसकट, दाढेसकट.

"अगं वेडे," पानकालराव हसायला लागले, "तो वाल्व मीच उघडला होता! मुद्दाम. घरी यायला मिळावं म्हणून. हाताला काही झालेलं नाही माझ्या, बघ, हा बघ." त्यांनी दोन्ही तळवे तिच्यापुढे धरले. शिरीषाने त्यांच्याकडे असं बघितलं, की त्यांचं हसू तिथेच थांबलं. स्वतःला बरं वाटावं म्हणून म्हातारा माणूस काहीतरी रचून सांगतोय, असं तिला वाटत होतं.

"खोटं वाटतं? थांब." ते तसेच समोरच्या दारात गेले. "सूर्यप्रकाशमगारू, सांगा हिला. हातगुण घालवायचा सल्ला मला कुणी दिला?"

सूर्यप्रकाशमनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. कंपनीच्या मालकापर्यंत गोष्ट गेली तर आपलं नाव निघेल, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. "सल्ला? मी? छे हो. असल्या गोष्टींत मी कशाला पडू?" मग आवाज खाली करून शिरीषाला म्हणाले, "जप गं बाई त्यांना."

भूमिपूजनाला दोघं गेले. न जाऊन कसं चालेल? घमेलं घरीच ठेवलं. पानकालराव मांडवाच्या मागच्या खांबाजवळ उभे राहिले. कुणी पुढे बोलावलं नाही, तेही गेले नाहीत. सारा वेळ दोन्ही हात त्यांनी पाठीमागे धरून ठेवले होते. प्रसादाची पुलिहोरा, म्हणजे चिंचेचा भात, वाटायला आली तेव्हाही त्यांनी आधी विहीणबाईंकडे बघितलं आणि मग हात पुढे केला. सासूबाईंच्या भावाने घमेलं टाकलं. चुकून थोडं आपल्या पायावर टाकलं, लोक हसले. पानकालरावांनाही हसू आलं. मग डोळे भरून आले म्हणून ते जागेची मोजणी करण्याच्या निमित्ताने कुंपणापर्यंत जाऊन आले.

 परतताना रिक्षात नल्लकुंट्याच्या वळणावर ते म्हणाले, "माझी पोर गं, माणिक्यं. माझीच पोर."



दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरात कैऱ्यांच्या फोडी पुसून कापडावर पसरल्या होत्या. मोहरी कुटून झाली होती, तिखट, मीठ, तिळाचं तेल, सगळं मोठ्या परातीभोवती मांडलेलं. पानकालराव दारावरून अंग चोरून बाहेर चालले होते.

"कुठे निघालात? हात धुऊन या."

"मी?"

"दुसरं कोण आहे घरात? यंदा लोणचं तुम्ही कालवा."

ते दारातच उभे राहिले. "माणिक्यं, वर्षाचं लोणचं आहे. शिरीषाकडेही जातं त्यातलं."

"म्हणूनच."

"आणि नासलं तर?"

"तर वर्षभर नासलेलं खाऊ," ती म्हणाली. तिचा आवाज एकदम चढला. "इतकी वर्षं चांगलंच खाल्लं ना मी! एकटीने बसून खाल्लं! काय मेलं चव लागत होती त्याला! बसा इथे."

ते बसले. कोपरापर्यंत हात धुतलेले होते, तरी पुन्हा पंचाला पुसले. तिने सांगितलं तसं आधी मीठ घातलं, मग मोहरी, मग तिखट, मग तेल.  तिखटाने बोटं भाजायला लागली, डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, आणि दोघांपैकी कुणालाच त्याचं कारण सांगावं लागलं नाही. बरणी भरून झाल्यावर तिने कपाटातली ती जरीची शाल काढली, कात्रीने टर्रकन तिचा तुकडा कापला आणि बरणीच्या तोंडाला दादरा बांधला. "आता कुठे कामाला आली," म्हणाली.

तिसऱ्या दिवशी बरणी उघडून तिने चव घेतली. बराच वेळ तोंडात फोड घोळवली. "मीठ किंचित पुढे आहे," एवढंच बोलली. मग शिरीषासाठी छोटी बरणी भरली, तिलाही शालीचा तुकडा बांधला आणि फोन लावला.

"कुणी कालवलं ते सांगू नकोस," पानकालराव हळूच म्हणाले.

"लोणचं तयार आहे गं," ती फोनवर म्हणाली. "यंदा नान्नांनी कालवलंय. येऊन घेऊन जा."

पलीकडून काहीतरी उत्तर आलं. तिने फोन ठेवला.

"काय म्हणाली?"

"सासूबाईंना तिखट बंद केलंय म्हणे डॉक्टरांनी. नंतर नेते म्हणाली."

छोटी बरणी दाराजवळच्या फळीवर राहिली, येणाऱ्याच्या हाताशी लागेल अशी. आषाढ गेला, दसरा गेला. शिरीषाच्या घराचे खांब वर आले, असं कुणीतरी सांगितलं. पानकालराव ऑफिसातून आले की चपला काढताना एकदा त्या फळीकडे बघत. संक्रांतीला रत्नमाणिक्यमने काही न बोलता छोटी बरणी आत नेली, आणि मोठी संपल्यावर तीही त्या दोघांनीच गरम भाताबरोबर संपवली. लोणचं सुरेख झालं होतं. अगदी शेवटच्या फोडीपर्यंत नासलं नाही.